काटा रेघेवर बसत नाही

बाबांच्या घड्याळाचा सेल मी बदलून आणला, आणि त्यानंतर चार महिन्यांत आम्ही घरच्यांनी मिळून बाबांना वेडं ठरवलं. घरच्यांनी म्हणते, पण सुरुवात माझी. मी नर्स आहे, नोकरीमुळे बुलढाण्यात राहते, आणि घरात कुणाला काय झालं याचं नाव घ्यायचा मान माझ्याकडेच. चिडकी आहे मी, आमचा सगळा वॉर्ड सांगेल. आजवर जेवढी चिडले तेवढी दुसऱ्यांवर. हे लिहिताना राग नेमका कुणावर काढावा ते समजत नाही, म्हणून एकेकाला धरणार आहे. ज्याला वाईट वाटेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

बाबा गावच्या हायस्कूलात शिपाई होते. आमचं गाव सुलतानपूरच्या जवळचं. शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक हातोडी. आमच्याकडे रेल्वे काही आली नाही, रुळाचा तुकडा तेवढा आला. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ दर पंधरा दिवसांनी मान टाकायचं, म्हणून मास्तर लोकांनी वर्गणी काढून बाबांना एक हातघड्याळ दिलं. पांढरी तबकडी, काळे काटे, सेकंदाचा काटा लाल. सेलचं. तोवर गावात जी चार-दोन घड्याळं होती ती चावीची. लोक बाबांचं मनगट धरून कानाला लावायचे. "चावी देत नाही तं हे चालते कशावर?" बाबा म्हणायचे, "सेल असते बे आतमधे. गुंडीएवढा."

त्या घड्याळाचे जे लाड झाले ते आम्हा भावंडांच्या वाट्याला कधी आले नाहीत. आंघोळीआधी ते कोनाड्यात जायचं. रेडिओजवळ ठेवायचं नाही, का तर त्याच्या भोंग्यात चुंबक असतं. उन्हाळ्यात घामानं पट्टा भिजला की सुटीच्या दिवशी पट्टा काढून सावलीत वाळत घालायचा. सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधी पीक पीक वाजतं त्याला ते मिळवून घ्यायचं, आणि मिळवावं लागलं नाही तर बाबांचा चेहरा बघावा. सेल बंद पडायची वाट पाहायची नाही, हा तर घरातला कायदा. "मेलेला सेल पाझरते, अन् अख्खी मशीन खाऊन टाकते." म्हणून दर दुसऱ्या दिवाळीला मेहकरची बस. तिथं स्टँडजवळ डोळ्याला भिंग लावून एक घड्याळजी बसायचा. बाबा त्याच्या समोर स्टुलावर बसायचे. त्यानं झाकण उघडायचं, सेल बदलायचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं महिना-वर्ष कोरायचं. झाकण लागेपर्यंत बाबा उठायचे नाहीत. घड्याळ कुणाकडे ठेवून यायचं नाही. आपल्या डोळ्यासमोर उघडलं पाहिजे, डोळ्यासमोर लागलं पाहिजे.

आणि घंटा. घंटेच्या वेळी बाबा तास-मिनिटं पाहायचेच नाहीत, ती त्यांना पाठ. ते पाहायचे लाल काटा. उजव्या हातात हातोडी, डावं मनगट नाकासमोर. काटा टक टक करत एकेका रेघेवर बसत यायचा, आणि बाराच्या रेघेवर बसला की ठोका. एकदा कुणी पाहुणे आले होते. हेडमास्तर म्हणाले, आज तीन मिनिटं आधी घंटा देऊन टाका. बाबा म्हणाले, "सुट्टी तुमी द्या सायेब, कवाबी द्या. घंटा मी वेळेवर देईन." तीन मिनिटं हेडमास्तर, पाहुणे आणि अख्खी शाळा ओट्यावर उभी, आणि बाबा काट्याकडे बघताहेत. हेडमास्तर नंतर महिनाभर बोलले नाहीत. रानात निंदायला गेलेल्या बायका त्या ठोक्यावर भाकरी सोडायच्या. कुणाचं रागावणं बाबांना परवडायचं, पण घंटा चुकली असं त्यांना कुणी म्हणू शकायचं नाही.

मी नर्सिंगला लागले तेव्हा नाडी मोजायला मला बाबांनीच शिकवलं. स्वतःचा हात पुढे केला आणि घड्याळ माझ्या मांडीवर ठेवलं. "काटा बाराच्या रेघेवर बसू दे, मंग सुरू कर. मधातूनच मोजलेलं मोजलेलं नसते, बाई." हे वाक्य मी पुढे कितीतरी शिकाऊ पोरींना ऐकवलं. ऐकवायला काय जातं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत सेल बदलायची पाळी आली. मेहकरचा घड्याळजी वारला होता आणि बाबांचे गुडघे बसची पायरी चढेनात. त्यांनी घड्याळ रुमालात बांधून माझ्याकडे दिलं. "बुलढाण्यात असन ना चांगला एखादा? समोर बसून बदलून घेजो. सोडून येजो नोको." तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी वैतागले. "अवं माय, समजलं ना बाबा!"

बुलढाण्यात एक दुकान आहे, नाव घेत नाही. काचेची कपाटं, आत दिव्यांचा लखलखाट. दुकानदार म्हणाला, "सिस्टर, आता गर्दी आहे. ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा." मला दोनची ड्युटी होती. दहा मिनिटं थांबले असते तर काही आभाळ कोसळलं नसतं. पण मी थांबले नाही. वॉर्डातल्या एका पोरीला पाठवून संध्याकाळी घड्याळ आणलं. काच पुसलेली, पट्टा नवा, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं, सर्व्हिसिंग पण करून दिली. मला उलट बरंच वाटलं.

गावी गेले तेव्हा बाबांनी घड्याळ हातात घेतलं, पालथं केलं, झाकणावरून अंगठा फिरवला.

"समोर बसली होती ना?"

"हाव बाबा."

इतकं सहज निघालं तोंडातून. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला हुरहूर लावायची. त्यात खोटं बोलले असंसुद्धा वाटलं नाही. पेशंटला सुई टोचताना आपण म्हणतोच की, काही दुखत नाही.

तिसऱ्या दिवशी फोन. "बाई, हा काटा रेघेवर बसत नाही."

"म्हणजे?"

"दोन रेघांच्या मधात पडते. हे माह्यं घड्याळ नोहे."

"घड्याळ तेच आहे बाबा. चालू आहे ना?"

"चालू हाय. पन माह्यं नोहे."

मी हसले. माझा भाऊ गावीच असतो, शेती पाहतो. त्यालाही बाबांनी दाखवलं. त्यानं ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या मान वळवून पाहिलं आणि म्हणाला, "चालून तं राह्यलं. काऊन डोस्कं खाता?" पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा बाबांनी मनगट माझ्यासमोर धरलं. "नीट पाय." मी भाजी निवडत होते. हातातली मेथीची काडी न सोडता तिकडे नजर टाकली आणि म्हणाले, "बसते की रेघेवर. तुमचा चष्मा बदलायला झाला." ही नजर टाकणारी बाई दिवसातून पन्नास जणांच्या नाड्या धरते. धरत होते म्हणा. आता बोटाला चिमटा लावला की मशीनवर आकडा येतो.

डोळे तपासले. मोतीबिंदू आधीच काढलेला, नजर ठणठणीत. मग राहिलं काय? डोस्कं. बाबा ऐकायला तयार नव्हते ना! पारावर सांगायचे, दळणाला गेले की गिरणीवाल्याला सांगायचे, माझ्या दर फोनला तेच. गावातले रिकामटेकडे त्यांना पाहून ओरडायला लागले, "काय काका, बसला का काटा?" भाऊ चिडला. वहिनी म्हणाली, "ताई, मले भेव वाटते. काल गॅस चालू ठिवला होता त्याहीनं." गॅस तर मीही चारदा विसरले असेन. पण माझ्या गॅसला कुणी नाव ठेवलं नाही. बाबांच्या गॅसला मी ठेवलं. या वयात असं होतं म्हणाले, आपलीच वस्तू आपली वाटत नाही, पुढे माणसंही ओळखू येत नाहीत, आत्ताच सांभाळलं पाहिजे. असं खालच्या आवाजात, शहाण्यासारखं. आठवलं की स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

बाबांना बुलढाण्याला आणलं आणि ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. बाबांनी सगळं धडाधड सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आता किती वाजले असतील?"

बाबांनी मनगटाकडे पाहिलं. "हे घड्याळ माह्यं नोहे सायेब. याच्यावरून कसं सांगू?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. ती मान मी का हलवली? डॉक्टर म्हणत होते, अजून थोडे दिवस पाहू, घाई नको. मीच मागे लागले, काहीतरी सुरू करा सर, घरी लहान नातवंडं आहेत. संध्याकाळची एक गोळी सुरू झाली. त्या गोळीनं बाबा सकाळी उशिरा उठायला लागले. जन्मभर पाचला उठून स्वतःचा चहा स्वतः करणारा माणूस. त्यांना आता गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही, असं मी फोनवर बजावून सांगितलं होतं. एकट्यानं बसमध्ये बसायचं नाही. गिरणीत जायचं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ती आम्ही घरातच उभारली, आणि वर काळजी करतोय असं सांगत सुटलो.

एकदा बाबांनी मला विचारलं, एकदाच. "बाई, तू समोरच बसली होती ना पुरा वेळ? उठली तं नाही?"

तेव्हा सांगता आलं असतं. दार उघडंच होतं, बाबांनीच उघडून धरलं होतं. पण आता कबूल करायचं म्हणजे गोळी, डॉक्टर, नातेवाईक, सगळ्यांसमोर कबूल करायचं. शिवाय मला खरंच वाटत होतं की बाबांचंच काहीतरी बिनसलंय. मी म्हणाले, "नाही उठले बाबा. पुरा वेळ समोर होते." ते "बरं" म्हणाले. त्यानंतर काट्याचं नाव काढलं नाही. घरातल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गोळी लागू पडली म्हणून मी डॉक्टरांना पेढे दिले. पेढे! लाज नावाची गोष्ट कुठं गहाण टाकली होती कोण जाणे.

या गुढीपाडव्याला गावी गेले तर निघताना बाबांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "तू घाल. तुले कामी येते. मले आता काही बरोबर दिसत नाही त्याच्यात."

मी घातलं. पुरुषी घड्याळ, पट्ट्याला एक छिद्र जास्तीचं पाडून घेतलं. आठवड्याभरानं वॉर्डात एक बाई चक्कर येऊन पडली. चिमट्याच्या मशीनचा सेल उतरलेला. मी तिचं मनगट धरलं आणि किती वर्षांनी कोण जाणे, घड्याळाकडे बघून काटा बारावर यायची वाट पाहिली. लाल काटा सत्तावन्नच्या पुढे आला, अठ्ठावन्नच्या पुढे आला, आणि बारापाशी आला तो बाराच्या रेघेच्या अलीकडे थांबला. पुढची टक, तो रेघेच्या पलीकडे. रेघेवर बसलाच नाही. मी नाडी मोजायची विसरले. पूर्ण फेरा पाहिला, मग दुसरा फेरा. साठातली एकही रेघ त्याला सापडली नाही. शेजारची सिस्टर म्हणाली, "मॅडम, पेशंट..." मी तिच्याच हातात पेशंटचा हात दिला.

ड्युटी सुटल्यावर बाजारात एक म्हातारा घड्याळजी शोधला. या वेळी समोर बसले. त्यानं झाकण उघडलं आणि मला आतली बाजू दाखवली. सुईनं कोरलेले महिने, वर्षं, एकाखाली एक, मेहकरच्या माणसाच्या हातचे. "झाकण जुनं हाये बाई. बाहेरची डबीही तेच. मशीन नाही. इतके वर्स चालणारी मशीन धातूची असते, हे पाहा, पिलास्टिक. काढून घेतली कोनीतरी, अन् हे बसवली. काटे काढून परत घातले की सेकंदाचा काटा असा सरकते." मग भिंग कपाळावर चढवून म्हणाला, "पन हे सहसा कोनाले दिसत नाही. तुमाले कसं दिसलं?"

"माझ्या वडलांना दिसलं," मी म्हणाले.

तिथून तडक त्या लखलखाटात गेले. गिऱ्हाइकं होती, असू देत. मी म्हणाले, "मशीन कुठाय?" त्याला आठवेना. मी आठवून दिलं. तो म्हणाला, "जुनी होती मॅडम, बंद पडणारच होती, तुमच्याच भल्यासाठी..." मी काय काय बोलले ते इथं लिहिता येत नाही. त्याच्या खानदानापर्यंत गेले. शेवटी तो म्हणाला, "वेळ तर दाखवते ना ते? मग तुमचं बिघडलं काय?"

काय बिघडलं! माझ्या बापाला या माणसानं हातभर टेबलावर वेडं केलं, आणि विचारतो काय बिघडलं. मी काउंटरवर हात आपटला. तेव्हा तोही चिडला. "इतकी जपायची वस्तू होती तर समोर बसायचं होतं ना! ठेवून कशाला गेल्या?"

गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहत होती. मी बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गावी गेले. बाबा ओसरीवर बाजेवर बसलेले, नुसते. मांडीवर हात. मी चप्पलसुद्धा काढली नाही. त्यांच्यासमोर खाली बसले आणि घड्याळ त्यांच्या हातात दिलं.

"बाबा, तुमचंच खरं होतं. मशीन बदलली त्यानं. काटा खरंच रेघेवर बसत नाही. मी डोळ्यानं पाहिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पन तू तं समोर बसली होती."

"नव्हते बसले. ठेवून गेले होते, ड्युटी होती. घ्यायलाही दुसरीला पाठवलं. खोटं बोलले मी तुमच्यापाशी, दोनदा. तुमचं डोस्कं चांगलं आहे बाबा, काही झालेलं नाही तुम्हाला."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं अशी माझी इच्छा होती. हेडमास्तरला ऐकवलं तसं मला ऐकवावं, हातोडी घेऊन अंगावर यावं. बाबा हळूहळू हसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मले बरं वाटावं म्हून सांगून राह्यली ना तू?"

"नाही हो बाबा!"

"समजते मले. तू माह्यापाशी खोटं बोलत नाही, बाई. तवा तू म्हनली होती, समोर बसली होती म्हून. मंग मशीन बदलनच कशी? माह्यंच डोस्कं होय. ते मी आता मानलं."

"थांबा, झाकण उघडून दाखवते. आत प्लास्टिक आहे, तुम्ही ओळखाल. शपथ घेऊन सांगते." मी पर्समध्ये चाकू शोधायला लागले. त्यांनी घड्याळावर तळवा झाकला.

"उघडू नोको. धूळ जाईन आत."

भाऊ दारात येऊन उभा होता, त्याला सगळं ऐकू आलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो खाली पाहायला लागला. मी त्याच्यावर ओरडले, सांग ना बाबांना, तुझ्या बहिणीनं घाण केली म्हणून सांग. तो म्हणाला, "ताई, हळू. त्याहीले तरास होईन." हळू बोलायला यांना मीच शिकवलेलं.

गोळी बंद करता येईल. डॉक्टरांना मी सगळं सांगितलंय, ते कमी करत आणणार आहेत. गॅसपाशीही बाबांना जाऊ दिलं असतं, वहिनीनं स्वतः म्हटलं, पण तेच जात नाहीत. "विसरलो बिसरलो तं?" म्हणतात. त्यांच्या डोक्यात मी जे बसवलं ते उपसून काढायला कोणता घड्याळजी शोधू?

त्या दिवशी संध्याकाळी मी निघायच्या बेतात होते. घड्याळ बाबांनी मलाच परत बांधायला लावलं होतं. ते बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "साडेसहा वाजले का पाय बरं. गोळीची वेळ होते माह्यी."

मी मनगट वर केलं. लाल काटा दोन रेघांच्या मधून चालला होता.

"हाव बाबा," मी म्हणाले.